घड्याळकाका आणि पोरगी

"घड्याळकाकांचा नंबर घेऊन ठेव गं," आई म्हणाली होती. "कशाला? दर रविवारी सकाळी सातला भेटतातच की!" तिने उडवून लावलं. सार्वजनिक गोल्फ मैदानावर एकट्या आलेल्यांच्या जोड्या तिकीटखिडकीवरचा माणूस लावायचा; त्यानेच तिची या म्हाताऱ्या घड्याळजीशी गाठ घातली होती. तिला बाळ झालं, खेळ सुटला. चार वर्षांनी लेकीला नवऱ्यावर सोपवून ती पुन्हा आली, तेव्हा खिडकीतून वही पुढे आली. दर रविवारी सातला एकच नोंद: 'घड्याळकाका आणि पोरगी'. "'बाळ जरा मोठं झालं की येईल' म्हणत तुमची जागा धरायचे, ताई. पण गेले तीन रविवार फिरकलेच नाहीत." "राहतात कुठे?" "आम्हाला काय ठाऊक? तुम्हीच ना त्यांच्या जवळच्या?" तिने फोन उघडला; त्यांचा नंबर नव्हताच. म्हणून ती तुम्हालाच विचारतेय: शेजारी एकटे घड्याळजी राहत असतील, तर दार वाजवून बघाल?