वर्ण गव्हाळ

वधू-वर मेळाव्यात माईक हाती आला, पण आईने लिहून दिलेल्या परिचयातलं ‘वर्ण गव्हाळ’ हर्षदाच्या तोंडून निघेना.

लहानपणी आई बेसन-हळद लावून तिला घासायची आणि पुटपुटायची, “कुणावर गेलीय कोण जाणे!” ते तिने यंदा, ती लाटायला जाते त्या बायकांच्या पापड केंद्रात लिहून काढलं होतं. तिथे रोज एकीने लाटणं ठेवून पुस्तक वाचायचं, बाकीच्यांनी ऐकत लाटायचं. पुढे त्या स्वतःचंही लिहू लागल्या. हर्षदाने वाचलं त्या दिवशी सगळ्यांची लाटणी थांबली. बेसन प्रत्येकीच्याच वाट्याला आलं होतं. किती वर्षांनी तिला हलकं वाटलं!

तिने कागद चुरगळला. “वर्ण काळा,” ती ठणकावून म्हणाली. “घासून पाहिलाय, जात नाही. ज्याला चालत नसेल त्याने चहा पिऊन घरी जावं.”

सभागृहात खसखस पिकली. निवेदक चिडला. “हिच्यासोबत कोण आलंय? आवरा हिला!”

मागच्या रांगेतल्या पापडवाल्या उठून उभ्या राहिल्या. “आम्ही आलोय. बोलू द्या तिला.”

मग पहिल्या रांगेतली आईही उठली. तोंडावरची पावडर तिने पदराने खसाखसा पुसली आणि म्हणाली, “पोरगी माझ्यावर गेलीय.”