आरेतला एकुलता नर

खेकड्याचं कुळ, जात पक्की करायची तर नर हाती असावा लागतो. हे आरेच्या खेकड्यांना बहुधा कुणीतरी सांगून ठेवलं असावं. कारण तीन पावसाळे ओढे उपसूनही सर्वेशला भेटल्या त्या सगळ्या माद्याच. पीएचडी जिथल्या तिथे, गाईड वैतागलेले, सर्वेश त्यांच्याहून.

शनिवारी एकदाचा नर सापडला. प्रयोगशाळेला कुलूप, म्हणून त्याने तो मरोळच्या घरी बादलीत ठेवला. घर मालवणी असलं तरी श्रावण चालू होता. आई त्याला शिजवणार नव्हती.

सोमवारी बादली रिकामी.

"आई, खेकडा कुठाय?"

"मुको जीव श्रावणात सोडलो की पुण्य लागता रे. रिक्षा करून आरेच्या व्हाळात सोडून इलंय, तुझी ती पीएचडी एकदाची होवंदे म्हणान."