सल्ला न देणारा माणूस

“म्हणजे यापुढे तुम्ही येणार नाही,” मालकीणबाई म्हणाल्या.

“आता माझी गरज उरलेली नाही,” कोच म्हणाला.

खिडकीखाली त्यांचे ट्रक माल भरून फाटकाबाहेर पडत होते. पूर्वी साधा टायर बदलायचा तरी माणसं परवानगीसाठी जिना चढून वर यायची. बाईंचा ओरडा खाऊन खाली जायची. चांगली चांगली माणसं वैतागून नोकरी सोडून गेली, तेव्हा बाईंनी याला बोलावलं. कंपन्या चालवणाऱ्यांना घडवणं हाच त्याचा पेशा. तो यायचा, समोर बसायचा आणि विचारायचा, “तुम्हाला काय वाटतं?” बाई आधी चिडल्या. मग विचार करू लागल्या. मग खालच्या माणसांनाही तेच विचारू लागल्या. आता ट्रक त्यांच्यावाचून सुटत होते. सोडून गेलेला मुकादमसुद्धा परत आला होता.

“अमुक करा, तमुक करा, असं एकदाही म्हणाला नाहीत,” बाई म्हणाल्या. “तुमची मुलं नशीबवान.”

कोच नुसता हसला.

त्याला एकच मुलगी. परगावी तिची छोटीशी बेकरी. दिवसभर लोकांचं ऐकून कान किटलेले असायचे, त्यामुळे तिचा फोन आला की हा सुटायचाच. भाव वाढव, जागा बदल, भागीदार घेऊ नकोस. ती “हो बाबा” म्हणायची. हळूहळू फोन कमी झाले. मग फक्त वाढदिवसाला येऊ लागले. गेल्या वाढदिवसालाही त्याने तिला नवी भट्टी कोणती घ्यावी ते सविस्तर समजावलं होतं. तिच्या आवाजासाठी त्याचा जीव तुटायचा. ती का दुरावली, ते मात्र उमगत नव्हतं.

खाली येऊन तो गाडीत बसला. बाईंचं ‘एकदाही म्हणाला नाहीत’ कानात घुमत होतं; मुलीला मात्र तो दरवेळी तेच म्हणत आला होता. किल्ली न फिरवता त्याने फोन लावला.

“बोला बाबा. काय सांगायचं होतं?”

“सांगायचं काही नाही गं. तू कशी आहेस, ते ऐकायचंय.”

पलीकडे शांतता पसरली. परक्यांसमोर तो अशी शांतता सहज पेलायचा. आज त्याची जीभ शिवशिवत होती. तो गप्प राहिला.

“खरं सांगू?” अखेर ती म्हणाली. “बेकरी बंद करून दोन वर्षं झाली, बाबा.”