श्रुतीची मराठीतली वही

अलका दारात आली आणि श्रुतीनं टॅबवरचं पान झटकन बदललं. आजची ही तिसरी वेळ.

कोरोनानं कॉलेज बंद पाडल्यापासून पोरगी सौंसरच्या घरी बसून मेडिकलचं तिसरं वर्ष शिकत होती. वर्ग टॅबवर, नोट्सही टॅबवरच. हे नोट्सचं अ‍ॅप कसं वाटतं, असं कॉलेजनं विचारलं तेव्हा श्रुतीनं पाचपैकी पाच दिले. आईच्या भाजीला जन्मात तीनच्या वर न गेलेली पोरगी. अलकाला तिथंच शंका आली.

अ‍ॅपमध्ये एक वही दोघांना लिहिता येते म्हणे. श्रुतीच्या वहीत मोहगावचा अभिजीत लिहायचा, तिच्याच वर्गातला. बाकी सगळ्या वह्या इंग्रजीत, ही एकच मराठीत. इंग्रजीत शिकणाऱ्या पोरांना मराठीत काय लिहावंसं वाटतं, हे अलकाला कोणी सांगायला नको होतं.

त्यात लाडीगोडी वाढलेली. आई, थकली का? आई, झोप लागते का? परवा तर अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या. अलका सगळ्याला छान आहे म्हणायची आणि मनात म्हणायची, पोरी उगाच गोड होत नाहीत. नवऱ्याच्या, दत्तात्रयच्या, कानावर गेलं असतं तर त्यानं पोरीला वर्षाच्या आत उजवली असती. डॉक्टरकी राहिली असती अर्धी.

दुपारी जेवताना तिनं विचारलं, "तो अभिजीत एवढं काय लिहून राहिला?"

"अभ्यास."

"मग मले पाहून झाकतेस काहून?"

"तुले नाही समजणार त्यातलं."

"मराठी समजते मले."

श्रुतीनं ताटाशेजारचा टॅब उचलून मांडीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रुती आंघोळीला गेली आणि टॅब उघडा राहिला. अलकानं वाचलं. शेवटची ओळ अभिजीतची होती : 'आईले आता सांगून टाक. उशीर नको करू.'

म्हणजे खरंच होतं. हे कुठून सुरू झालं ते पाहायला तिनं पान वर सरकवलं. अगदी वर सरांची सूचना होती, रुग्णाचा त्रास त्याच्याच शब्दांत लिहावा. त्याखाली श्रुतीनं लिहिलं होतं :

'डावा हात माझा नसल्यावाणी वाटते. पण पोरीले नको सांगू, तिची परीक्षा हाय.'

हे अलका फक्त सावरगावला दिलेल्या बहिणीशी बोलली होती, फोनवर, दार लावून.