एक रिंग

लेकीची शाळेची पहिली सहल. तिच्या मनगटावरचं घड्याळ हिच्या मोबाइलवर निळा ठिपका होऊन दिसत होतं आणि तो ठिपका केव्हाचा भर रस्त्यात अडून बसला होता. वर्गाच्या बाई फोन उचलत नव्हत्या. ही हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात नुसत्या येरझाऱ्या घालत होती.

"अगं, खायला-प्यायला थांबले असतील. बस की जरा," सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत हिची आई म्हणाली.

"तुझं बरं होतं, आई. मी हॉस्टेलवर पोचले की एक रिंग देऊन फोन ठेवायचे. तुम्ही उचलायचाही नाही. रिंग वाजली की तुमचा जीव भांड्यात."

"तुझ्या बाबांचा. ते लगेच पेपर उघडून बसायचे."

"आणि तुझा?"

"एकदा रिंग आली, तेव्हा तुझी बस निम्म्या वाटेतसुद्धा पोचली नसणार. कुणीतरी चुकून फिरवलेला नंबर. पण हे सकाळपासून नुसते आत-बाहेर करत होते. म्हटलं, पोचली हो."

"मग?"

"मग काय, खरी रिंग येईपर्यंत मी फोनच पुसत बसले."

तेवढ्यात मोबाइल वाजला. ऑफिसातून नवरा विचारत होता, "ठिपका हलला का गं?"

तिने स्क्रीनकडे पाहिलं. ठिपका तिथेच होता.

"हलला की. कर तू तुझं काम."

आईने घड्यांचा ढीग मांडीवर घेतला आणि सोफ्यावर तिच्यासाठी जागा केली.