हात दाखवला तरच थांबते

"शरयू, गाडीला हात दाखवू नकोस. आधी माझं ऐक," सुलभाताई धापा टाकत म्हणाल्या आणि सुनेच्या बॅगेवरच बसल्या.

स्टेशन कसलं, मक्याच्या शेतात एक बाकडं आणि वर पत्रा. तिकीटखिडकी नाही, मास्तर नाही, झोपायला एखादं कुत्रंसुद्धा नाही. शिकागोची गाडी इथे आपणहून थांबत नाही. आपल्या एसटीसारखा हात दाखवायचा. नाही दाखवला तर शिट्टी मारून निघून जाते.

शरयू निघाली होती शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूला, शैलामावशीकडे. कायमची. नवरा, यशोधन, ऑफिसातून यायच्या आत.

सासूबाईंनी गोष्ट लावली. त्यांचे आजेसासरे म्हणे एकदा नुसते शिंकले आणि कोल्हापुरात उभी असलेली मालगाडी मागे मागे जात मिरजेला पोचली. इंजिनवाल्याचा चहा मात्र सांडला नाही. ती शिंक रंगली, तेवढ्यात खरी गाडी आली नि गेली. शरयूचा हात काही वर झाला नाही. आता आजची शेवटची एकच गाडी उरली होती.

सुलभाताईंच्या थापा अख्ख्या मराठी मंडळाला पाठ. पाडव्याला त्यांचा हात गळ्यात बांधलेला होता. किचनमध्ये हरीण शिरलं, श्रीखंडासाठी माझ्याशी कुस्ती खेळलं, असं त्यांनी सांगितलं. लोक पोट धरून हसले. यशोधन सगळ्यांत जास्त हसला.

मग सुलभाताईंचं समजावणं सुरू झालं. तो तापट आहे, पण मनाचा वाईट नाही. ऑफिसात लेऑफ चाललेत, डोकं फिरतं माणसाचं. घर सोडून बाईनं जायचं कुठे?

शरयूनं गळ्याभोवतीची ओढणी सोडली. मान निळी पडली होती.

"आई, काल मलाही तुमचं हरीण भेटलं."

सुलभाताईंचा डावा हात आपल्याच उजव्या खांद्यावर गेला.

लांबून गाडीचा दिवा दिसला. त्या उठल्या, फलाटाच्या कडेला गेल्या. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तोच त्यांनी डाव्या हातानं धरून वर केला. गाडी थांबली. बॅग त्यांनीच आत ढकलली.

शरयूनं दारातून त्यांचा पदर धरला, तुम्हीही चला म्हणाली.

"दोघी गेलो तर तो थेट शैलाकडे येईल. आपलं इथे दुसरं आहे कोण? मी राहते मागे. अशी थाप मारते, महिनाभर भलत्याच गावात शोधत बसेल."

त्यांनी पदर सोडवून घेतला. गाडी गेली.

सुलभाताई बाकड्यावर बसल्या आणि त्या रिकाम्या स्टेशनात मोठ्यानं म्हणून बघायला लागल्या, "यशोधन, बाळा, अरे शरयू ना..."

आवाज कापला. तो कापून चालणार नव्हता. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.