पत्तीची झोप

नवं युग पोंभुर्ण्याकडच्या त्या गावात आलं ते कोणाच्या भाषणानं नव्हे, पोलादाच्या धारेनं आलं. सध्या ते देवाजीच्या गोठ्यात, छपराच्या गवतात, तपकिरीच्या डबीत लपून राहत असे.

सोमवार होता. पुरतं उजाडलं नव्हतं. गोठ्यामागे मोहाची फुलं एकेक करून गळत होती, आणि त्या गोड वासानं बैलसुद्धा उभ्या उभ्या पेंगत होते. देवाजीनं दाढी उरकली होती, आणि आता कुठं खरं काम सुरू झालं होतं. दाढी काय, कोणीही करतो.

त्यानं सेफ्टी रेझरचा दांडा उलटा फिरवला. झाकण काढलं. पत्ती दोन बोटांत धरून कोमट पाण्यात हलवली, तसा साबणाचा फेस ढगासारखा वर येऊन विरून गेला. मग जुन्या लुगड्याच्या चिंधीनं ती टिपली. घासली नाही. घासलं की पत्ती दचकते, असं त्याचं मत होतं.

दोन दाढ्यांच्या मधे पत्ती झोपते, हेही त्याचं मत. गाढ झोपली, चांगलं स्वप्न पडलं, तर धार टिकते. म्हणून तो तिच्यावर जवसाच्या तेलाचं बोट फिरवी, कागदाची घडी पांघरूण घातल्यासारखी घाली, आणि डबी छपरात सरकवताना श्वाससुद्धा बेतानं सोडी.

तरी धार टिकत नव्हती. वरोऱ्याच्या दुकानदारानं एका पत्तीत पाच दाढ्या सांगितल्या होत्या. इथं तिसऱ्याच दाढीला पत्ती केस उपटायला लागे. देवाजीनं आधी गोठ्याच्या ओलीवर संशय घेतला, मग स्वतःच्या गालांवर. तेल तेवढं वाढवत नेलं.

"झाला काय तुमचा अंगारा-धुपारा?" सुगंधाबाई दारात उभी होती. "कधीपासून चाय करून ठेवली."

"हळू बोल. आत्ताच निजवली."

"पोरीले पाळण्यात इतकं नाई जपलं तुमी." ती आत आली, आवाज उतरवून म्हणाली, "वारलूले समजलं ना, तं आपल्या कुंताचं लगन राह्यलं म्हनून समजा."

हे खरं होतं. वारलू गावाचा न्हावी. दर गुरुवारी तो देवाजीची आणि त्याच्या म्हाताऱ्या बापाची दाढी करी, मग गोठ्यामागच्या विहिरीवर वस्तरा धुऊन तिकडूनच पुढच्या घराला जाई. पण गावात लग्नाचं आवतण न्हाव्याच्या तोंडूनच जायचं, आणि नवरीची नखं न्हाव्यानंच काढायची. परसाली गावातल्याच मुखरूनं असलाच रेझर आणला. वारलू नुसता घरी बसला. मुखरू बिचारा घरच्या लग्नाचं आवतण स्वतः दारोदार देत फिरला. लोकांनी पाणी दिलं, पाट दिला, आणि जेवायला कोणी आलं नाही. मांडवातला भात शेवटी बैलांनी खाल्ला.

"लय डंखी मानूस हाये थो," सुगंधाबाई म्हणाली. "सख्ख्या भावाशी बोलनं सोडलं त्यानं. थो भाऊ आठोड्याच्या आठोड्याले याची दाढी करून देत जाय बिचारा. आपन तं परके."

"त्याले नाई समजत."

पण गेल्या गुरुवारचं बोलणं देवाजीच्या मनातून जात नव्हतं.

"भाऊ, तुमची दाढी लय हळू वाढून राह्यली," वारलू म्हणाला होता.

"वय झालं ना बाप्पा."

"डोक्शाचे केस तं वाढून राह्यले."

"थे वेगळे असते."

"असन," म्हणून वारलूनं वस्तरा पुसला होता.

चहा अर्धा झाला आणि अंगणात खाकरणं ऐकू आलं. वारलू. आजपासून तो आवतणाला निघणार होता. डोक्याला नवा पटका, हातात हळदीच्या अक्षतांसाठी रिकामं ताट. सुगंधाबाईनं पाट मांडला. तो बसला नाही.

"भाऊ, जरा गोठ्यात चला. बोलाचं हाये."

अंगण ते गोठा वीस पावलं. देवाजीला ती झोपेत चालल्यासारखी वाटली. मोहाची फुलं पायाखाली चिरडली जात होती. कुंता मांडवाच्या खड्ड्यांपाशी उभी राहून हसत होती, आणि तिचं हसणं फार लांबून, तलावाच्या पलीकडून आल्यासारखं ऐकू येत होतं.

गोठ्यात शिरताच वारलूनं हात वर केला, छपराच्या गवतात घातला, आणि तपकिरीची डबी काढली. शोधावीसुद्धा लागली नाही त्याला.

देवाजीनं खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला.

"वारलू, पोरीचं लगन हाये."

"मले मालूम हाये."

"तुह्या पाया पडतो. वरोऱ्याच्या बजारात भुललो मी. आत्ताच्या आत्ता विहिरीत फेकतो, तुह्या डोयांसमोर."

"विहिरीत?" वारलूनं डबी छातीशी धरली. "काऊन? चांगली वस्तू हाये."

"मंग गावाले सांगनार काय?"

"मी कायले सांगू? आवतनं देतो, कुंताचे नखं काढतो, सारं करतो." त्यानं डबी उघडून हुंगली आणि आवाज खाली आणला. "फक्त येक आयका, भाऊ. पत्तीले तेल जरा कमी लावत जा. गुरुवारी घरी गेलो का बायको मले पुसते, तुमच्या गालाले जवसाचा वास कायले येऊन राह्यला?"